हाडांची घनता मोजण्याआधी : डेक्सा तपासणीला येणाऱ्यांसाठी माहिती

माझ्या आईचं मनगट एकसष्टाव्या वर्षी मोडलं. न्हाणीघरात पाय घसरला, पडताना तिने हात टेकला, एवढंच निमित्त. सहा आठवडे प्लास्टर होतं, हाड जुळलं, आणि सगळे म्हणाले, "वय झालं, चालायचंच." हाडांची घनता तपासून घ्या, असं दवाखान्यात कुणी सुचवलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. तीन वर्षांनी अंगणातली पायरी चुकली आणि ती खुब्यावर पडली. त्यानंतर काठीशिवाय तिला चालता आलं नाही. आपल्या सेंटरवर डेक्सा मशीन आणायचंच, हे तेव्हा ठरलं.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. पन्नाशीनंतर चालताचालता किंवा उभ्याउभ्या पडून मनगट, खांदा, मणका किंवा खुबा मोडला असेल, तर तो नुसता अपघात समजू नका. धडधाकट हाड एवढ्यावर सहसा मोडत नाही. प्लास्टर काढायला जाल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "हाडं तपासायला हवीत का?"

दुखत नाही, हीच अडचण

गुडघे दुखतात म्हणून घनता मोजायला येणारे पुष्कळ असतात. गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेची असते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाड आतून विरळ होऊन ठिसूळ होताना, काहीच दुखत नाही. मणका दबला तरी अनेकदा कळत नाही. उसण भरली म्हणून शेक घेतला जातो आणि विषय तिथेच संपतो. खुणा घरातच दिसतात. नेहमीसारखीच नेसलेली साडी जमिनीवर लोळायला लागते, फळीवरचा डबा हाताला लागेनासा होतो, पाठीला बाक येतो. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर आम्हाला जरूर सांगा. साध्या एक्स-रेवर विसंबू नका, कारण साधारण ३० टक्के खनिज गेल्याशिवाय हाडाचा विरळपणा त्यात नीट दिसत नाही.

मशीन काय करतं

डेक्सामध्ये कमी-जास्त शक्तीचे दोन प्रकारचे क्ष-किरण वापरतात. मांस-चरबी आणि हाड ते वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्या फरकावरून एका चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज आहे, याचा हिशेब निघतो. कंबरेचे पहिले चार मणके आणि खुबा या मुख्य जागा. दोन्ही खुब्यांत रॉड किंवा कृत्रिम सांधा असेल, तर हाताचं हाड मोजतो. टेबलावर उताणं पडून राहायचं, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. बंद नळीत जायचं नाही, सुई नाही. किरणांचं प्रमाण काही मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे एक-दोन दिवसांत निसर्गातून आपल्याला आपोआप मिळतं तेवढंच. तरीही दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, तपासणी पुढे ढकलू.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये टी-स्कोर असतो. तुमचं हाड निरोगी तरुण व्यक्तीच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे, ते तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या रेषा आजही वापरतात. उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाड थोडं विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पाळी चालू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी मात्र झेड-स्कोर बघायचा. त्यात तुलना तुमच्याच वयाच्या लोकांशी होते.

समजा, सत्तरीच्या एका आजींचा कंबरेचा आकडा उणे १.१ आला आणि खुब्याच्या मानेचा उणे २.७. घरचे वरचा आकडा बघून निर्धास्त होतात. पण या वयात मणक्यांची झीज होऊन कडेला हाड वाढलेलं असतं, दबलेला मणकाही दाट दिसतो. त्यामुळे कंबरेचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो. निदान सगळ्यात कमी आकड्यावरून होतं. आजींना ऑस्टिओपोरोसिस आहे.

आणि नुसत्या टी-स्कोरवर भवितव्य ठरत नाही. एकूण मोडलेल्या हाडांपैकी पुष्कळ ऑस्टिओपेनियाच्या गटातल्या लोकांची असतात, कारण त्या गटात माणसंच जास्त आहेत. म्हणून डॉक्टर 'फ्रॅक्स' हे गणित मांडतात. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाने ते २००८ मध्ये आणलं, त्यात भारतासाठी वेगळी आवृत्तीही आहे. वय, वजन, पूर्वी मोडलेलं हाड, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, तंबाखूचं धूम्रपान, दारू, रुमॅटॉइड संधिवात (झिजेची सांधेदुखी नव्हे), स्टिरॉइडच्या गोळ्या हे सगळं धरून पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता त्यातून निघते. म्हणून आमच्या फॉर्मवरचे प्रश्न घाईत टिकमार्क करून सोडू नका. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी तीन महिन्यांहून जास्त काळ स्टिरॉइड चाललं असेल तर लिहा. सांधेदुखीवर कुणाकडून बिननावाच्या पुड्या घेतल्या असतील तर त्याही सांगा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

बायकांना आणखी एक विचारतो. पिशवी काढताना अंडाशयही काढले का आणि कितव्या वर्षी? अंडाशय गेले की पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडांची झीज वेग घेते. बीडकडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं लहान वयात काढली जातात, म्हणून २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तशी शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी बायकांना हाडं तपासायला कुणी सांगितलेलंच नसतं. अशी बहीण, जाऊ, शेजारीण असेल तर हे पत्रक तिच्या हातात द्या. एरवी पासष्टीनंतर बायकांनी आणि सत्तरीनंतर पुरुषांनी एकदा तरी मोजून घ्यावं. वरच्यापैकी काही असेल तर त्याच्याही आधी.

शिबिरात टाचेवर जी तपासणी होते ती ध्वनिलहरींची असते. धोका कुणाला जास्त, याचा अंदाज तिने येतो, पण उणे २.५ ची रेषा तिला लावता येत नाही. तिथे आकडा वाईट आला तर घाबरून औषध सुरू करू नका, आणि चांगला आला म्हणून मोडलेलं मनगट विसरू नका.

येताना

उपाशी येण्याची गरज नाही. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा, कारण पोटात न विरघळलेली गोळी मणक्यावर दिसते. बेरियमची तपासणी किंवा औषध टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर दोन आठवडे जाऊ द्या. धातूचे हुक, चेन, बटणं नसलेले सैल कपडे घाला. कमरेची किल्ली, मंगळसूत्र, करदोटा काढावा लागतो. सौभाग्यलेणं काढायचं नसेल तर संकोच न करता आमच्या ताईंना सांगा, स्कॅनच्या जागेपासून ते बाजूला घेता येतं का, हे त्या बघतील.

जुना डेक्सा रिपोर्ट असेल तर नक्की आणा आणि तो कुठल्या मशीनवर काढला तेही बघून ठेवा. दोन मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. औषध लागू पडतंय का हे बघायचं तर दीड-दोन वर्षांनी त्याच मशीनवर पुन्हा मोजावं लागतं. पहिली तपासणी दुसरीकडे झाली असेल तर तिकडेच जा, असं आम्ही स्वतःहून सांगतो.