गोळीच्या टोकाला प्लॅस्टिक कशाला?

कॅनडात एकेकाळी कॅनेडियन इंडस्ट्रीज लिमिटेड या कंपनीची ‘डॉमिनियन’ छापाची शिकारी काडतुसं मिळायची. त्यातल्या ‘सेबरटिप’ काडतुसाच्या गोळीला पुढे प्लॅस्टिकचं टोक असे. खाली पितळी नळी, तिच्यात घट्ट बसवलेली तांबूस गोळी आणि सगळ्यात पुढे हे इवलंसं टोक. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, हे टोपण आहे, वापरण्याआधी काढायचं असेल. पण ते गोळीबरोबरच उडतं, आणि त्याच्यामागे सुरेख भौतिकशास्त्र आहे.

शिकारीची गोळी जनावराच्या अंगात शिरल्यावर फुलावी लागते. न फुलता आरपार गेली, तर जखमी जनावर पळतं आणि कुठेतरी तडफडत मरतं. म्हणून टोकाशी तांब्याचं कवच उघडं सोडून आतलं मऊ शिसं बाहेर काढत. (१८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात अशा गोळ्या बनल्या, म्हणून त्यांना ‘डमडम’ म्हणू लागले. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांना मनाई केली, शिकारीत त्या राहिल्या.)

शिसं मात्र इतकं मऊ, की नखानेही ओरखडा उठतो. बार उडाला की रायफल झटक्यात मागे येते, पण मॅगझिनमधली, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या पेटीतली, उरलेली काडतुसं जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. मग मॅगझिनची पुढची भिंतच त्यांच्या टोकांवर येऊन आदळते. दोन-चार बारांत टोकं चेपतात. बोथट टोकाला हवेचा अडथळा जास्त, त्यामुळे वेग लवकर घटतो.

प्लॅस्टिकने दोन्ही दुखणी एकदम मिटवली. धक्का बसला तरी ते सहसा चेपत नाही, आणि हवेत अणकुचीदारपणा टिकवतं. नेम लागताच ते मागच्या पोकळीत ढकललं जातं आणि लाकूड फोडताना ठोकलेल्या पाचरीसारखं कवच आतून फाकवतं. नॉस्लर या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये ‘बॅलिस्टिक टिप’ आणली आणि ही युक्ती सर्वदूर पोचली. कोणत्या जाडीची गोळी ते टोकाच्या रंगावरून कळे.

एक अडचण मात्र बराच काळ लपून राहिली. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, कारण दाबलेली हवा तापते. सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघालेल्या गोळीच्या अगदी टोकासमोरची हवाही अशीच दाबली जाते आणि हिशोबाने ४०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा टोकांना वापरलं जाणारं अ‍ॅसिटल प्लॅस्टिक १७५ अंशांच्या आसपास वितळतं! दोनशे मीटरचं अंतर पाव सेकंदात संपतं, तेवढ्यात टोकाला फारशी झळ लागत नाही. लांबच्या नेमात मात्र ते हळूहळू मऊ पडतं. हॉर्नडी कंपनीच्या तंत्रज्ञांनी वेग मोजणाऱ्या डॉपलर रडारने उडत्या गोळ्यांचा माग काढला, तेव्हा हवेचा अडथळा वाटेतच वाढताना दिसला. २०१५च्या सुमारास त्यांनी जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची टोकं बसवायला घेतली.