कला, विज्ञान, यंत्रे आणि इतिहास एका छताखाली: नवे संग्रहालय काढायचे तर कागद कोणते, अर्ज कुठे?

संग्रहालय सुरू करण्याचा असा एकच परवाना आपल्याकडे नाही. त्यामुळे गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते: जायचे कुठल्या कार्यालयात? चित्रे, दुर्बिणी, जुने छपाईयंत्र आणि मोडी कागदपत्रे एकत्र मांडायची असतील तर पंचाईत आणखी वाढते, कारण कला-पुरातत्त्व एका टेबलावर असते आणि विज्ञान दुसऱ्या. कल्पना मात्र जुनीच आहे. मुंबईच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये खुले झाले, तेव्हा त्यात भूगर्भशास्त्र, निसर्ग, उद्योग आणि कला असे सगळे शेजारी शेजारी होते. पुढची माहिती महाराष्ट्रात लोकांच्या पुढाकाराने संग्रहालय काढणाऱ्यांसाठी आहे.

आधी संस्था

स्वतःच्या घरात स्वतःचा संग्रह दाखवायला संस्था लागत नाही. पण देणगी, करसवलत किंवा सरकारी अनुदान हवे असेल तर संस्था हवीच. त्यासाठी तीन वाटा आहेत: सार्वजनिक न्यास, 1860 च्या कायद्याखालची सोसायटी (किमान 7 सभासद), किंवा कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात सोसायटीलाही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 खाली नोंद करावी लागते, म्हणजे धर्मादाय कार्यालयाची पायरी चुकत नाही. न्यास स्थापन झाल्यापासून 3 महिन्यांत सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांकडे कलम 18 नुसार अर्ज द्यायचा. सोबत साधारण हे कागद लागतात:

- न्यासपत्र किंवा घटना व नियमावली
- सर्व विश्वस्तांची संमतीपत्रे, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा
- कार्यालयाच्या जागेचा पुरावा; जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचे ना हरकत पत्र
- स्थावर-जंगम मालमत्तेची यादी आणि तिचे पुरावे
- प्रतिज्ञापत्र आणि वकील दिला असेल तर वकीलपत्र

नाव ठरवताना घाई नको. बोधचिन्हे व नावे कायदा 1950 च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचेही नाव आहे आणि शासनाचा पाठिंबा असल्याचा भास होईल अशी नावेही अडतात. दोन-तीन पर्यायी नावे हाताशी ठेवा.

खरी मेहनत घ्यायची ती ‘उद्देश’ या कलमावर. बहुतेक जण जुन्या शाळेच्या न्यासपत्रातला मजकूर उचलतात आणि शेवटी ‘इत्यादी’ लिहून मोकळे होतात. आपल्या बाबतीत हे महागात पडते. वस्तूंचा संग्रह, जतन, संशोधन आणि प्रदर्शन; कलेचा व वारशाचा प्रसार; विज्ञान व तंत्रज्ञानाचे शिक्षण, हे सगळे वेगवेगळ्या वाक्यांत स्पष्ट लिहा. उद्या करसवलतीचा अधिकारी किंवा कंपनीची सीएसआर (समाजकामावर करायच्या खर्चाची) समिती तुमचा उपक्रम याच वाक्यांशी ताडून पाहणार आहे. वस्तू उसन्या घेणे-देणे, संग्रहातून काढून टाकणे आणि संस्था बंद पडल्यास संग्रह समान उद्देशाच्या संस्थेकडे जाणे, हेही तिथेच यावे. संस्थापकाच्या वारसांना संग्रह परत मिळण्याची तरतूद असली तर मात्र करसवलतीच्या अर्जाला हमखास हरकत येते.

विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला, कलम 36 खाली आधी परवानगी लागते.

वस्तूंचे कागद

माझ्या मते संग्रहालयाचे भवितव्य इमारतीपेक्षा दाखलनोंदवहीवर जास्त ठरते. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, मापे, कुणाकडून आली, कधी आली आणि कशी आली (दान, खरेदी की उसनी) एवढे हवेच. दान असेल तर सहीचे दानपत्र. ‘आजोबांची दुर्बीण ठेवा तुमच्याकडे’ असे तोंडी सांगून दिलेली वस्तू दहा वर्षांनी नातू मागायला आला की काय करायचे, याचे उत्तर फक्त त्या कागदात असते. संगणकावर नोंदी करायच्या असतील तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने खास संग्रहालयांसाठी केलेली ‘जतन’ ही प्रणाली पाहून घ्या.

मग वस्तूंचे प्रकार पाडा, कारण प्रत्येक प्रकाराला वेगळा कायदा लागतो. 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांना 75 वर्षांची मर्यादा आहे. पुरावस्तू कायदा 1972 नुसार दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत यांतली शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागतात. ताब्यात आल्यावर मुदत फक्त 15 दिवसांची असते. नोंदलेली वस्तू घेताना आधीच्या मालकाकडून नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि हस्तांतर कळवा. शेतात नांगरताना सापडलेली नाणी कुणी आणून दिली तर तिथे 1878 चा निखात निधी (पुरलेल्या धनाचा) कायदा लागतो. 10 रुपयांवरच्या ठेव्याची खबर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते, म्हणून ती थेट कपाटात ठेवू नका.

पेंढा भरलेला वाघ, शिंगे आणि हस्तिदंती वस्तूंना वन्यजीव कायदा 1972 लागतो. मालकी प्रमाणपत्र असल्याशिवाय आणि वनखात्याशी बोलल्याशिवाय दान स्वीकारू नये. ठासणीच्या बंदुका, पिस्तुले यांत शस्त्र कायदा येतो. वापरातून गेलेल्या, दुरुस्त होऊनही न चालणाऱ्या हत्यारांना त्यात सूट आहे, पण हत्यार तसे आहे हे आपण ठरवून चालत नाही. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाकडून लेखी घ्या.

यंत्रांच्या बाबतीत कायद्याइतकीच सावधगिरी हवी. वाफेचे इंजिन नुसते मांडून ठेवायचे तर प्रश्न नाही. चालवून दाखवायचे असेल तर बाष्पकाची (बॉयलरची) नोंद आणि तपासणी आली. जुन्या पाइपांवरचे ॲस्बेस्टॉसचे वेष्टन आणि घड्याळ-होकायंत्रांच्या तबकड्यांवरचा रेडियमचा रंग तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय मुलांच्या हाताशी ठेवू नका. चित्रांचा मुद्दा निराळा. चित्र विकत घेतले म्हणजे स्वामित्वहक्क आला असे नाही. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. पोस्टकार्डे किंवा चित्राचे कप छापून विकायचे असतील तर वारसांची लेखी परवानगी घ्या.

जागा

न्यासाच्या नावाने शेतजमीन घेणे सरळ नाही. शेतकरी नसलेल्या खरेदीदाराला कूळकायद्याच्या कलम 63 खाली परवानगी लागते. त्यामुळे बिगरशेती किंवा विकास आराखड्यात सार्वजनिक वापरासाठी दाखवलेली जागा बरी. नकाशा मंजुरी, अपंगांसाठी सोयी आणि अग्निशमन ना हरकत दाखला लागतो. नंतर दर जानेवारी-जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, भरायचा. महापालिकेची वास्तू आणि चालवायला न्यास, हा नमुना भाऊ दाजी लाड संग्रहालयाचाच आहे. छोट्या शहरात नगरपालिकेची पडून असलेली इमारत मिळवायची असेल तर प्रस्तावात हे उदाहरण जरूर द्या.

पैसा

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना नव्या संग्रहालयांसाठीही आहे. तिला सविस्तर प्रकल्प अहवाल, जागेची मालकी, लेखापरीक्षित हिशेब आणि स्वतःचा वाटा दाखवावा लागतो. विज्ञान केंद्रांची मदत कोलकात्याच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या बाजूने आणि बहुधा राज्य शासनामार्फत येते. एकाच अहवालात सगळे कोंबून दोन्हीकडे पाठवू नका. कला-इतिहास दालनांचा खर्च वेगळा आणि विज्ञान-यंत्र दालनांचा वेगळा मांडा; एकाच भिंतीचा खर्च दोनदा दिसला तर दोन्ही अर्ज परत येतील.

करसवलतीसाठी आधी तात्पुरती नोंदणी मिळते. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तरी बोलताना सगळे अजून ‘बारा ए’ (संस्थेला करमाफी) आणि ‘ऐंशी जी’च (देणगीदाराला सवलत) म्हणतात. फॉर्म सीएकडून ताजा मागा. वारसा, कला व संस्कृती कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये आहेत, म्हणून सीएसआर निधी शक्य आहे. पण तो घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी आणि तशाच कामाचा 3 वर्षांचा अनुभव लागतो. नव्या न्यासाने पहिली तीन वर्षे फिरती प्रदर्शने, शाळांचे उपक्रम करून त्यांचे हिशेब आणि फोटो नीट जपले तर तोच अनुभव पुढे दाखवता येतो.

परदेशातल्या मराठी मंडळींची देणगी घेताना पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याने, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे) कार्ड असले तरी, दिलेले पैसे विदेशी ठरतात. ते घेण्यासाठी विदेशी देणगी कायद्याची (एफसीआरए) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते लागते. ही नोंदणीही साधारणपणे 3 वर्षे काम आणि त्यावर 15 लाख खर्च दाखवल्यावरच मिळते.