स्वभावाला औषध नाही, उपचार आहेत

आमच्या केंद्रात पहिल्यांदा येतात ते बहुधा आईवडील, नाहीतर नवरा किंवा बायको. "तसा स्वभावच आहे हो," इथूनच बोलणं सुरू होतं. तापट, संशयी, कमालीचं टापटिपीचं माणूस कुठल्या घरात नसतं? तो आजार नव्हे. पण वागण्याची तीच तऱ्हा तरुणपणापासून वर्षानुवर्षं टिकली, घरी, कामावर, मैत्रीत सगळीकडे आडवी येऊ लागली, तर व्यक्तिमत्त्व विकार आहे का, हे तपासावं लागतं. अमेरिकी वर्गीकरणात याचे १० प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ पासून लागू झालेलं वर्गीकरण आधी तीव्रता बघतं. आम्हाला हे जास्त पटतं, कारण प्रकाराचं नाव कळलं की घरचे त्याच नावाने हाक मारू लागतात!

सर्वांत जास्त विचारणा यातल्या 'बॉर्डरलाइन' या प्रकाराची होते; यात भावना झटकन टोकाला जातात आणि जवळचं माणूस सोडून जाईल ही भीती असते. मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. दहा मिनिटांत खात्रीच पटते, की हा आपल्याला सोडणार. मग फोनवर फोन, शिव्या, ब्लॉक, आणि रात्री स्वतःचीच शिसारी. घरच्यांना ही नाटकं वाटतात. ती नाटकं नसतात.

यावर डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बोलण्यातून, सरावातून भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धत आहे. ती घडवणाऱ्या मार्शा लिनेहन यांनी, तरुणपणी आपणही मानसिक आजाराने रुग्णालयात होतो, हे २०११ मध्ये जाहीर सांगितलं. आठवड्याला एक वैयक्तिक बैठक, एक गटाची, साधारण वर्षभर. रोज झोपताना कार्डावर राग, दुःख, स्वतःला इजा करण्याची ओढ यांना ० ते ५ आकडा द्यायचा. कार्ड कोरं आलं तर रागावत नाही, पण का ते विचारतो. एक साधी युक्तीही शिकवतो. फोन उचलण्याआधी गार पाण्यात चेहरा बुडवून काही सेकंद श्वास रोखायचा. ठोके मंदावतात, तेवढी उसंत मिळते. (हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.)

या विकारावर खास अशी गोळी नाही. सोबत नैराश्य वगैरे असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बॉर्डरलाइनची लक्षणं बहुतेकांमध्ये काही वर्षांत ओसरतात; नोकरी आणि नाती सावरायला मात्र जास्त वेळ लागतो.

जीव द्यावासा वाटत असेल तर आमच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

येताना जुन्या चिठ्ठ्यांची फाइल आणा. निदान त्याच दिवशी होईल असं नाही, दोन-तीन बैठका लागतात.