रेणूचे भाकीत आणि माणसाचे वजन

वजन उतरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एखाद्या वनस्पतीच्या अर्कात शेकडो निरनिराळे रेणू असतात आणि त्यांतील कोणता शरीरातील कोणत्या विकराला (एन्झाइमला) अडवतो, हे प्रयोगशाळेत एकेक करून तपासायचे तर वर्षे खर्ची पडतात. येथे मशीन लर्निंगचा खरा उपयोग होतो. ज्या रेणूंचा परिणाम आधीच मोजलेला आहे, त्यांची रचना संगणकाला शून्य आणि एक यांच्या लांबलचक माळेच्या रूपात दिली जाते: अमुक अणुगट असेल तर एक, नसेल तर शून्य. अशा हजारो उदाहरणांतून रचना आणि परिणाम यांचा संबंध हाती लागला, की न तपासलेल्या रेणूविषयीही अंदाज बांधता येतो. स्वादुपिंडातून स्रवणारे लायपेज हे विकर आहारातील मेद पचवते. ते रोखल्यास काही मेद न शोषताच बाहेर पडतो आणि ऑरलिस्टॅट हे औषध याच मार्गाने काम करते. लायपेज रोखू शकतील असे वनस्पतिजन्य रेणू हुडकून काढणे संगणकाला चांगले जमते.

मात्र विकर अडले म्हणजे वजन उतरले, असे नाही. गार्सिनिया कॅम्बोजियाच्या फळातील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल शर्करेपासून मेद बनण्याच्या वाटेवरचे एक विकर रोखते, हे प्रयोगशाळेत पक्के ठरलेले आहे. तरीही १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाललेल्या चाचणीत सर्वांना कमी उष्मांकाचा आहार दिला असता, अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. रेणूबद्दलचे भाकीत खरे ठरूनही माणसाबद्दलचे भाकीत चुकते, ते असे. मधल्या टप्प्यांत रेणू आतड्यातून शोषला जावा लागतो, यकृतातून टिकून पुढे जावा लागतो आणि शिवाय भूक वाढवून शरीर वजनातील घट भरून काढू पाहते, त्याला पुरून उरावा लागतो.

मग थेट माणसांवरील चाचण्यांची आकडेवारीच संगणकाला का शिकवू नये? कारण अशा चाचण्या थोड्या आणि बहुधा लहान असतात, आणि ज्यांत काही गुण दिसला नाही त्या पुष्कळदा प्रसिद्धच होत नाहीत. केवळ यशाच्या कहाण्या वाचलेला संगणक पुढेही यशच वर्तवणार. त्यात संगणकाच्या परीक्षेसाठी बाजूला राखलेले रेणू शिकवलेल्या रेणूंचेच जवळचे भाऊबंद असले, तर अचूकतेचा आकडा फुगतो. असा आकडा वाचताना परीक्षा कशी घेतली, हे मी आधी पाहतो.

सर्वांत गंभीर प्रश्न वनस्पतीच्या ओळखीचा आहे. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी वजन उतरवण्याच्या एका उपचारात स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया दिली गेली. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली आणि त्यांतील काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. कागदावरच्या नावावरून केलेले कोणतेही भाकीत हा अपघात टाळू शकले नसते. म्हणूनच अर्काच्या प्रत्येक खेपेचे रासायनिक विश्लेषण आणि यकृत-मूत्रपिंडांवर दिसलेले दुष्परिणाम या दोन्ही नोंदी शिकवणीच्या माहितीत हव्यात. उतरलेल्या किलोंचा रकाना त्यांच्यानंतर भरता येईल.