शिकाऊ वेल्डरचे विद्यावेतन: सरकार नेमके किती देते?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली एमआयडीसीपर्यंतच्या कारखान्यांत अनेक वर्षे एक समज पसरला आहे, तो असा की शिकाऊ वेल्डर कामावर ठेवला की त्याचे सगळे विद्यावेतन सरकार भरते. हे खरे नाही. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्राचा वाटा विद्यावेतनाच्या २५ टक्के, आणि तोही दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, असा ठरला. उरलेली रक्कम कारखानदारानेच द्यायची असते. आधी हा वाटा मालकाला परताव्याच्या रूपाने मिळत असे, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच आहे. ऑगस्ट २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला.

शिवाय हा वाटा विद्यावेतनाचा आहे, साहित्याचा नाही. नवख्या मुलाला उभ्या सांध्यावर सरळ, छिद्र न पडता वेल्ड ओढता येईपर्यंत इलेक्ट्रोडची (वेल्डिंगच्या कांड्यांची) पाकिटे आणि सरावाच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे संपत राहतात, आणि तो खर्च लहान वर्कशॉपला खरोखरच जड जातो. तरीही ‘सरकार देते’ म्हणून मुलाचे विद्यावेतन अडवणे हा सरळसरळ अन्याय आहे. शिकाऊ उमेदवारीचा करार नोंदवताना आपल्याला मिळायच्या विद्यावेतनाचा आकडा मुलाने स्वतः वाचून घ्यावा.