नापास पोरांना परत तेच लेक्चर देऊन काय होणार?

माझी भाची एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला ॲनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेच्या विषयात, अडकली. नीटला भरभरून मार्क पाडलेली पोरगी. सुट्टीत कोल्हापूरला राजारामपुरीत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, चार वेळा वाचलोय की मी सगळं, पण पेपर हातात आला की डोकं कोरं." तिच्या कॉलेजात नापास पोरांसाठी रेमेडियल बॅच होती, पण तिथं काय, तेच लेक्चर त्याच स्लाइडी, फक्त संध्याकाळी पाचनंतर.

यात बुद्धीचा प्रश्नच नाही. दुसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं अशी आपली समजूत होते. बिंदू चौकात माणूस भेटतो, चेहरा ओळखतो आपण पण नाव काही केल्या आठवत नाही, तसंच हे. पेशंटसमोर नाव आठवावंच लागतं.

2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, मला तो फार आवडतो. एका गटानं उतारा चार सत्रं नुसता वाचला, दुसऱ्यानं एक सत्र वाचून पुढची तीन सत्रं आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं, चूक का बरोबर तेही कुणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, म्हणून तर वाचणाऱ्याला वाटतं आपलं झालं! पण आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के. म्हणजे आठवून बाहेर काढणं ही नुसती तपासणी नाही, त्यानंच आठवण पक्की होते, आणि थोडं विसरायला लागल्यावर परत ओढून काढलं तर जास्तच पक्की.

आपल्या तालमीत हे सगळ्यांना माहीत आहे. वस्ताद पोराला खासबागेत नुसत्या कुस्त्या बघत बसवत नाही, हौद्यात उतरवतो, पाय कुठं चुकला ते तिथंच दाखवतो.

म्हणून मी भाचीला पुस्तक मिटायला लावलं आणि ब्रेकियल प्लेक्सस काढ म्हटलं, म्हणजे मानेतनं हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं: मुळं जुळून ट्रंक होतात, पुढं कॉर्ड, आणि कॉर्डमधून हाताच्या नर्व्ह निघतात. मुळं पाच बरोबर, ट्रंक तीन बरोबर, पण रेडियल नर्व्ह तिनं मिडियल, म्हणजे आतल्या बाजूच्या, कॉर्डमधून काढली. मी विचारलं, रेडियल दुखावली तर काय होतं? "रिस्ट ड्रॉप, हात मनगटातून लोंबतो." म्हणजे कुठले स्नायू गेले? मागचे. मग मागच्या स्नायूंची नर्व्ह कुठल्या कॉर्डमधून येणार? ती थांबली, खोडरबर घेतला आणि पोस्टेरियर, म्हणजे मागची, म्हणाली. लेक्चरमध्ये ही चूक कुणाला दिसलीच नसती. कुणाचं इंग्रजी अडतं, मराठी माध्यमातनं आलेल्या पोराचं अर्धं डोकं शब्द उलगडण्यातच जातं, कुणाची झोप होत नाही, आधी नेमकं काय अडतंय ते शोधल्याशिवाय सगळ्यांना एकच बॅच लावून काही होत नाही.

शेजारच्या काकूंनी स्मरणशक्तीची पावडर आणून दिली, कुणीतरी अंगारा पाठवला. आठवायची सवय पावडरीतनं येत नाही. आणि 'मी व्हिज्युअल लर्नर आहे', म्हणजे मला चित्रं बघूनच शिकता येतं, हे जे चाललंय त्यालाही प्रयोगांचा आधार मिळालेला नाही, कुणीही त्यावर पैसे घालू नयेत.

तीन दिवसांनी तिच्याकडून परत तेच चित्र काढून घेतलं. या वेळी अल्नर ही हाताची दुसरी नर्व्ह चुकली, रेडियल जागेवर होती. आता रविवारी परत काढायचंय.