'हॉग द लाइमलाइट' ही शाबासकी नव्हे

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडच्या इंग्रजी मजकुरात 'गर्ल्स हॉग द लाइमलाइट' अशा थाटाचे वाक्य हमखास भेटते. लिहिणाऱ्याला मुलींचे कौतुक करायचे असते, पण इंग्रजी मातृभाषा असलेला वाचक मात्र या मुलींनी कोणाचे काय लाटले, असा विचार करू लागतो.

'स्टील द शो' सर्वांना ठाऊक आहे: छोट्या भूमिकेतला नट भाव खाऊन जातो, तेव्हा ते म्हणायचे. शब्द चोरीचा असला तरी ती दाद आहे.

खरी गफलत 'हॉग'ची आहे. 'लाइमलाइट'मधला 'लाइम' म्हणजे लिंबू नव्हे, चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा गोळा तापवून मिळणारा हा पांढराशुभ्र उजेड 1837 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात वापरला गेला, आणि पुढे मुख्य नटावर झोत टाकण्यासाठी तो रूढ झाला. 'हॉग' म्हणजे डुक्कर. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ आपल्या वाट्यापेक्षा जास्त बळकावणे. पंगतीत श्रीखंडाचे पातेले स्वतःच्या पुढ्यात ओढून बसणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. संघ जिंकल्यावर सत्काराच्या व्यासपीठावर कर्णधाराने माइक हातचा सोडलाच नाही आणि विजयी धाव काढणारा पोरगा मागे हारतुरे सांभाळत उभा राहिला, तर कर्णधाराने 'लाइमलाइट हॉग' केला. त्याच पोराने दोन वाक्ये बोलून सभागृह जिंकले, तर त्याने 'स्टील द शो' केले. पहिल्यात लक्ष अडवून धरलेले असते, दुसऱ्यात ते आपणहून वळलेले असते.

आपल्याला हे अवघड वाटायचे खरे तर कारण नाही, कारण 'तो फार भाव खातो' आणि 'तो भाव खाऊन गेला' यांतला शिवी आणि शाबासकीचा फरक मराठी माणूस एका 'गेला'वर ओळखतो.

'भारतीय इंग्रजीत असे चालते' हा बचाव मला मान्य नाही. निंदेचा शब्द स्तुतीला वापरला की खरी निंदा करायला शब्द उरत नाही. माझ्याकडे तपासायला आलेल्या मजकुरातला असा 'हॉग' मी खोडतो आणि 'गर्ल्स आउटपरफॉर्म बॉइज' असे साधे वाक्य लिहितो. मराठी मथळ्यांत 'निकालात मुलींचीच बाजी' असे कितीतरी वर्षे छापले जात आहे, आणि तिथे अजून कोणी डुक्कर आणलेले नाही.